बारा आणे भरली की

“कोणी विश्वास ठेवणार नाही,” भाईदास आबा म्हणाले, आणि ओट्यावर बूड टेकण्याआधी उपरण्यानं जागा झटकून घेतली. “पन सत्त्याऐंशी साली मी कापलेली केळी दिल्लीले पोचली, तवा गाडीत माल वाढेल व्हता.”

नशिराबादला हमरस्त्याच्या कडेला गिरधरचा वजनकाटा आहे. केळीच्या गाड्या तिथं वजनासाठी रांगेत लागतात आणि आपला नंबर येईपर्यंत चालक, माल भरणारे, शेताचे मालक असे सगळे त्या ओट्यावर बसतात. आबा मात्र नंबर नसतानाही बसलेले असत. चाळीस वर्षं ते केळी कापणाऱ्या टोळीचे मुकादम होते. गुडघे गेले तसा हातातला कोयता सुटला, काटा काही सुटला नाही.

“वाढेल म्हणजे?” खिडकीतून डोकं बाहेर काढत गिरधरनं विचारलं.

“म्हणजे काय म्हणजे? याच काट्यावर मोजली तवा नव्वद क्विंटल. दिल्लीले उतरवली तवा एक्क्याण्णव. नर्मदेच्या पुलावर गाडी बंद पडली व्हती भो, दोन तास. केळ म्हणजे पान्याचं लेकरू. खाली एवढी नदी दिसली, त्याले तहान नई लागनार? दोरीएवढ्या मुळ्या सोडल्या त्यानं गाडीच्या फळ्यांतून.”

“घडाले मुळ्या?”

“तुह्या बापाले इचार. त्यानं सोताच्या हातानं तोडल्या.”

गिरधरचा बाप वारून सहा वर्षं झाली होती, त्यामुळे त्याला विचारण्याची सोय नव्हती. आबांचे साक्षीदार नेहमी असेच असत.

तेवढ्यात कोपऱ्यात पाय पसरून बसलेल्या निंबानं हात वर केला. निंबा धरणगावचा. ट्रक चालवायचा, कमी बोलायचा, पण बोलला की अहिराणीत आणि अख्ख्या काट्याला ऐकू जाईल असं.

“काटा चुकला!” तो ओरडला. “आबा, सत्त्याऐंशीमा हाऊ काटा कोठे व्हता? गिरधरना बापनी एक्क्याण्णव सालमा बसाडा!”

ओट्यावर हशा उसळला. आबांनी कपाळावर हात मारून घेतला आणि पलीकडच्या टपरीला बोटांनी खूण केली. सगळ्यांना चहा, आबांच्या नावावर.

हा तिथला जुना रिवाज होता. वजनात गडबड वाटली की चालक जसा ‘काटा चुकला’ म्हणून ओरडतो, तसंच आबांच्या गोष्टीतलं खोटं ज्याला सापडेल त्यानं ओरडायचं. खोटं निघालं तर चहा आबांचा. खरं निघालं तर ओरडणाऱ्याचा. म्हणून उगाच कोणी तोंड उघडत नसे. आणि पकडला गेला की आबांइतका खूश माणूस त्या रस्त्यावर दुसरा नसे. थाप मारावी ती पकडली जाण्यासाठीच, असं त्यांचं साधं म्हणणं होतं. जी पकडली जात नाही ती थाप राहत नाही, मग ती लबाडी होते.

चहा आला. धनसिंग नावाचा एक शेतकरी बशी फुंकत समोरच्या उघड्या गटारीकडे बघत म्हणाला, “या गटारीवर फरश्या कधी पडतीन हो?”

“कामिनीच्या दिवाळीले!” दोघं-तिघं एकदमच म्हणाले.

पुन्हा हशा झाला. आबाही हसले. फक्त इतरांपेक्षा किंचित उशिरा. बशीतला चहा त्यांच्या धोतरावर सांडला आणि तो पुसण्यात ते बराच वेळ खाली मान घालून राहिले.

कामिनी म्हणजे त्यांची सून.

*

घराच्या माडीवर ज्या खोलीत पूर्वी कापूस भरून ठेवत, तिथं आता दोन संगणक होते. कामिनी तिथं बसून व्हिडिओ गेम बनवायची. चित्रं काढणारी तिची मैत्रीण दिपमाला धुळ्याला राही. दोघींचं बोलणं दिवसभर फोनवर. गेम अगदी साधा होता. रस्त्याकडेच्या ओट्यावर एक मिशीवाला म्हातारा गोष्ट सांगतो. ऐकत राहायचं, आणि खोटं सापडलं की बटण दाबायचं. घाई केली तर सगळ्यांचा चहा आपल्यावर. उशीर केला तर म्हातारा गोष्ट संपवून उठून जातो. नाव ठेवलं होतं ‘काटा चुकला’.

गोष्टी सगळ्या आबांच्या होत्या, आवाजही त्यांचाच. कामिनीनं दुपारी दुपारी बसवून तो भरून घेतला होता. आबांची तक्रार एवढीच, की दिपमालानं मिशी फार जाड काढली.

त्या दिवशी जेवायला भरीत आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी होत्या. जितेंद्र, म्हणजे आबांचा मुलगा, जळगावच्या ठिबक सिंचनाच्या दुकानातून मुद्दाम जेवायला घरी आला होता, कारण जेवताना गेमची बैठक होती. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केलेला. फोनमध्ये दिपमाला.

“रविवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचंय,” कामिनी म्हणाली. “आमच्यासारख्या छोट्या लोकांचे नवे गेम इंटरनेटवर दाखवण्याचा कार्यक्रम आहे. जगभरचे लोक बघतात. आपला एक मिनिटाचा व्हिडिओ मागितलाय त्यांनी. पण गेम तयार व्हायला जून उजाडेल. चार महिने आधी सांगायचं का, हा प्रश्न आहे.”

“चार काय, वर्षभर आधी सांगायला पाहिजे होतं,” जितेंद्र म्हणाला. “लोकांच्या कानावर पडत राहिलं पाहिजे. मोठ्या कंपन्या बघ. नुसतं नाव दाखवतात आणि तीन वर्षं लोक वाट बघतात.”

“आनि मंग बरनी ठेवतात,” सुमनबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या.

सुमनबाई म्हणजे जितेंद्रची आई. त्यांच्या बोलण्याला आधार होता. गेम खेळायच्या एका नव्या कन्सोलची नुसती घोषणा झाली, तेव्हा जितेंद्रनं हौसेनं टीव्हीखालची फळी रिकामी करून ठेवली होती. दीड वर्ष ती रिकामी फळी बघून सुमनबाईंनी शेवटी तिथं लोणच्याची बरणी ठेवली. पुढं ते यंत्र आलं, तेव्हा त्या बरणी हलवायला तयार होईनात. आजही यंत्र कपाटावर आहे आणि टीव्हीखाली कैरीचं लोणचं.

“मावशींचं बरोबर आहे,” तांब्याजवळून दिपमाला म्हणाली. “हातात आल्याशिवाय बोलूच नये. ज्या दिवशी गेम तयार, त्याच दिवशी सांगायचं, हा घ्या. आमच्या गल्लीत एकीचा साखरपुडा होऊन तीन वर्षं झाली. आता मुलगा-मुलगी सोडून सगळ्यांना शंका येते.”

“पण साखरपुडाच नाही केला तर लग्नाला येणार कोण?” जितेंद्रनं विचारलं.

“जेवण चांगलं असलं तर येतात.”

सगळे हसले. कामिनी हसली नाही. ती भाकरीचा एक पापुद्रा काढून त्याचे बारीक तुकडे करत होती.

“बाहेरच्या जगाचं मला काही वाटत नाही,” ती म्हणाली. “त्यांना काय, आला तर आला. पण इथं पहिला प्रश्न काय येईल ते मला माहीत आहे. कोणत्या दिवाळीला?”

सुमनबाईंनी न मागता तिच्या ताटात भरीत वाढलं. दिपमालानं फोनमध्ये इकडंतिकडं बघितलं. आबांनी मिरचीचा तुकडा उचलला, तो ठसकेबाज होता, त्यामुळे डोळ्यांत पाणी यायला कारण मिळालं.

झालं होतं ते असं. चार वर्षांपूर्वी जितेंद्र-कामिनी पुण्याला होते. कामिनी ज्या कंपनीत होती, तिनं एका मोठ्या गेमची घोषणा केली. छान व्हिडिओ होता, डोंगर, किल्ले, वारा. शेवटी एकच शब्द: ‘लवकरच’. जितेंद्रनं तो आबांच्या मोबाईलवर पाठवला. आबांनी तो काट्यावर दाखवला, वीस वेळा दाखवला. बघणाऱ्यांनी विचारलं, लवकरच म्हणजे कधी? नव्वदचे एक्क्याण्णव करणारा माणूस तो. तारखेशिवाय गोष्ट म्हणजे देठाशिवाय घड, धरायचा कुठं? ते म्हणाले, “दिवाळीले. सूनबाईनं सांगेल हाये.”

सूनबाईनं काहीही सांगितलेलं नव्हतं.

एरवी कोणीतरी ओरडलं असतं. पण त्या दिवशी सगळ्यांनी माना डोलावल्या. व्हिडिओ डोळ्यांसमोर होता, सून पुण्याला होती, दिवाळी दरवर्षी येते. खोटं ठरावं असं त्यात काही नव्हतंच. दिवाळी आली, गेली. दुसरी आली, गेली. कंपनीनं गेम अर्धवट सोडला आणि पुढं कंपनीच बंद झाली. जितेंद्र-कामिनी घरी परत आले. तोवर गावात म्हणच पडून गेली होती. न होणाऱ्या रस्त्याला, न येणाऱ्या पाव्हण्याला, न जमणाऱ्या लग्नाला: कामिनीची दिवाळी.

कामिनीनं एकदाही म्हटलं नाही, की मी तारीख दिली नव्हती. लग्नाकार्यात बायका विचारत, काय गं, आला का तुझा गेम? ती म्हणे, नाही आला. एवढंच. तिनं एकच गोष्ट केली. जळगावच्या बसला जाताना काट्यावरून जायचा सरळ रस्ता सोडला आणि मारुतीच्या गल्लीतून लांबचा धरला.

आबांना ते दिसत होतं. माणूस थापा मारता मारता म्हातारा झाला की त्याला सगळं बोलता येतं, कबुली सोडून.

*

जेवण झाल्यावर आबा मागच्या अंगणात खाटेवर बसून जुना कोयता दगडावर घासत होते. त्याला धार लावून करायचं काही नव्हतं. कामिनी येऊन पायरीवर बसली.

“आबा, एक विचारू? केळी कधी कापायची, हे तुम्ही कसं ठरवायचे?”

“मले कायले इचारते? मी खोटं सांगतो.”

“केळीचं नाही सांगत.”

हे खरं होतं. आबांनी कोयता बाजूला ठेवला.

“लोक पंचांग पाहत,” ते म्हणाले. “व्यापारी भाव पाहे. मालकाले घाई. मी पहिले इचारे, गाडी कोठी जाऊ ऱ्हायली? दिल्लीची असली तर बारा आणे भरली की कापायची. कंगोरे दिसले पाहिजे केळावर. बाकीचे चार आणे रस्ता भरतो. जळगावच्या बाजाराले न्यायची तर कंगोरे पुरे मोडू द्यायचे. आठ आण्यावर कापली आनि दिल्लीले धाडली, तर ती पिकत नई पोरी, नुसती सुकते. आनि सोळा आणे भरू दिली तर आग्र्यातच गाडीतून शिरा गळतो.”

“म्हणजे आधी लांबी बघायची.”

“आधी घड पाहायचा. मंग लांबी.” त्यांनी तिच्याकडे बघितलं. “तुहा गेम किती भरला?”

कामिनीनं विचार केला. लगेच उत्तर दिलं नाही, हे आबांना आवडलं.

“बारा आणे,” ती म्हणाली. “पहिला तर चार आणेसुद्धा नव्हता. नुसतं केळफूल दाखवलं होतं आम्ही.”

“मंग दूरच्याले आता सांग. तेह्यले चार महिने लागतीन यायले. गावच्याले सांगू नको. गावच्याच्या हातात पिकेल देजो.”

कामिनी हसली. बऱ्याच दिवसांनी तिच्या हसण्यात दात दिसले. मग पायरीवरची मुंगी बोटानं वळवत बसली.

“एक अडचण आहे,” ती म्हणाली. “गेममध्ये ते ‘काटा चुकला’ ओरडतात ना, तो आवाज अजून जितूचाच आहे. तो दुकानात नळ्या विकल्यासारखा ओरडतो. मला खरे आवाज पाहिजेत. काट्यावरचे. रविवारी सकाळी मी येऊ का तिथं? तुम्ही गोष्ट सांगा. मी कोपऱ्यात उभी राहीन.”

आबांनी कोयता पुन्हा हातात घेतला.

“ये ना,” ते म्हणाले. “काबर नई?”

मग संध्याकाळपर्यंत ते कोयता घासत राहिले. सुमनबाई दिवा लावायला आल्या तेव्हा म्हणाल्या, “अहो, पातं ऱ्हाऊ द्या थोडं.”

*

रविवारी सकाळी आठ गाड्या रांगेत होत्या. आबा नेहमीपेक्षा लवकर आले, स्वच्छ धोतर नेसून. बसायच्या आधीच त्यांनी गिरधरला सांगितलं, “टपरीवर कळव. सगळ्यांले चहा. माह्या नावावर.”

“आबा, गोष्ट तर चालू होऊ द्या. आधीच चहा?”

“सांगतो तेवढं कर.”

कामिनी आली. ओढणीच्या टोकात काहीतरी धरल्यासारखं तिनं आवाज भरायचं छोटं यंत्र हातात धरलं होतं. ओट्यावरची माणसं जरा सावरून बसली. ज्यांनी तंबाखू मळायला घेतली होती त्यांनी ती तशीच मुठीत धरली. गिरधर आपली खुर्ची बाहेर घेऊन आला. “बसा ना वहिनी.” धनसिंग तिच्या मागं वाहणाऱ्या उघड्या गटारीकडे बघून काहीतरी बोलायला गेला, आणि गिरधरनं त्याच्या मांडीला चिमटा घेतला.

कामिनी बसली नाही. खांबाला टेकून उभी राहिली आणि तिनं यंत्राचं बटण दाबलं.

“कोणी विश्वास ठेवणार नाही,” आबा म्हणाले. आज त्यांनी जागा झटकली नव्हती. “ही गोष्ट माह्या सुनेची हाये.”

रस्त्यावरून एक टँकर गेला. तो जाईपर्यंत ते थांबले. कामिनीचा हात हलला नाही.

“चार सालाआधी ती पुन्याले एका कंपनीत व्हती. कंपनी कशी? तर आत जाताना माणसाच्या डोळ्याचा फोटो काढे. डोळा जुळला तर दार उघडे. एक दिवस सूनबाईच्या डोळ्यात कचरा गेला, तर दारानं तिले वळखलंच नई. तीन दिवस बाहेर उभी.”

लोक हसले. कोणी ओरडलं नाही, तपासायचं कसं? आबांनी पुढं रेटलं.

“त्या कंपनीनं गेमची दवंडी पिटली. यिडिओ तुम्ही सर्वांनी पाहेल हाये. डोंगर, किल्ला. शेवटी काय लिहेल व्हतं? लवकरच. तारीख? नई. वार? नई. काबर नई? कंपनीनं सगळ्यांकडून लिहून घेतेल व्हतं, की तारीख तोंडातून निघाली तर त्याच दिवशी घरी. कागदावर सही. बायकोनं नवऱ्याले नई सांगायचं, नवऱ्यानं बापाले नई. माही सून अशी पक्की, की त्या साली होळीले ती पुन्याले गेली, ते दसऱ्यापर्यंत इकडे पाय नई ठेवला. अक्षय्य तृतीयेले नई, पोळ्याले नई. काबर? घरी आली आनि तोंडातून तारीख निघाली तर?”

चहा आला. टपरीवाल्यानं ग्लासांची जाळी ओट्यावर ठेवली. रिवाजाप्रमाणं काही पकडलं गेल्याशिवाय कोणी ग्लासाला हात लावणार नव्हतं. ग्लासांतून वाफ येत राहिली.

आबांनी घसा खाकरला.

“तर जेठ महिना व्हता,” ते म्हणाले. “मी बांधावर उभा. समोरून कोण येते? सूनबाई. आनि येऊन मले म्हणते, आबा, गेम दिवाळीले येणार.”

त्यांनी ओट्याकडे बघितलं.

ओट्यावरच्या माना डोलल्या. हो, दिवाळीच म्हणाली होती. सगळ्यांना पाठ होतं ते. धनसिंगनं सहानुभूतीनं मान हलवली, की बिचारीचं नशीब, दुसरं काय. एक जण जांभई देऊन आपली गाडी किती पुढं सरकली ते बघू लागला.

आबांच्या वरच्या ओठावर घाम आला. त्यांनी आयुष्यात हजार थापा लपवल्या होत्या. एक थाप उघडी करून ठेवायची आणि ती कोणाला दिसू नये, हे त्यांच्या बाबतीत पहिल्यांदा घडत होतं.

“जेठ महिना,” ते पुन्हा म्हणाले, सावकाश, एकेक शब्द ओट्यावर ठेवत. “होळी झाली व्हती. दसरा यायचा बाकी. आनि ती माह्यासमोर बांधावर उभी. डोक्यावर टोपली. टोपलीत ऊन ऊन भाकरी.”

“कळण्याच्या का?” कोणीतरी विचारलं.

“कळण्याच्या!” आबा जवळजवळ ओरडले. “आनि ठेचा! पुन्याहून चालत आणेल! भाकरीतून वाफ निघू ऱ्हायली व्हती!”

दोन जण हसले. पण ते भाकरीला हसले. भाकरीचं खोटं लहान होतं, ते कोणाच्या हिशेबात नव्हतं, आणि दिवाळी तशीच उभी होती. कोणाला वाटलं असेल की हे ओरडण्यासारखं आहे, तरी दिवाळी खरीच निघाली तर सोळा ग्लासांचा चहा अंगावर येणार होता. वाफ कमी झाली. ग्लासांवर साय धरू लागली.

आबांनी कामिनीकडे बघितलं. तिला सगळं कळलं होतं. हातातलं यंत्र तिनं आता छातीशी धरलं होतं, आणि ती आबांकडे अशी बघत होती, जशी घड हातात घेऊन माणसं बघतात. एक शब्द ती बोलली असती तर काम झालं असतं. ती बोलली नाही. चार वर्षं बोलली नव्हती, आताही बोलणार नव्हती. हे पकडायचं काम तिचं नव्हतंच.

“निंबा!” पुन्हा आत गेलेल्या गिरधरनं खिडकीतून हाक मारली. “तुझी गाडी घे काट्यावर.”

निंबा उठला. दोन पावलं गेला. तिसऱ्या पावलाला त्याचा वेग मंदावला. तो गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून उभा राहिला आणि अंगठ्यानं बोटांची पेरं मोजू लागला. होळी. अक्षय्य तृतीया. जेठ. पोळा. पुन्हा होळीपासून.

“निंबा, अरे मागं रांग लागली!”

निंबानं पाय खाली घेतला. आबांकडे वळला. आबांची मिशीसुद्धा हलत नव्हती.

“काटा चुकला!” निंबा एवढ्यानं ओरडला, की रांगेतल्या शेवटच्या गाडीच्या चालकानं डोकं बाहेर काढलं. “ओ आबा! पोर होळीपाईन दसरालगून पुनामा व्हती, मंग बांधवर कोन उभी व्हती? ती दिवाळी तिनी नही, आबा. ती दिवाळी तुमनी शे!”